बेचाळीस माणसांची श्रीलंका आणि घरच्या चौघांची

प्रश्न : मी एका मध्यम आकाराच्या कंपनीत मनुष्यबळ विभाग सांभाळते. येत्या फेब्रुवारीत आमची ४२ जणांची वार्षिक बैठक तीन रात्रींसाठी श्रीलंकेत ठरली आहे. ‘या वेळी इको-टुरिझम करू या,’ असं वरून सांगण्यात आलंय. ट्रॅव्हल एजन्सीने पाठवलेल्या कार्यक्रमात दक्षिण किनाऱ्यावरचं ‘इको रिसॉर्ट’, ‘याला’ राष्ट्रीय उद्यानात बिबट्याची सफारी, मिरिस्साला देवमासे, हत्तींना आंघोळ घालणं आणि शेवटच्या दिवशी वृक्षारोपण, असं सगळं आहे. बैठक संपली की माझा नवरा, दहा वर्षांची मुलगी आणि ६८ वर्षांच्या सासूबाई तिकडे येतील आणि आम्ही आणखी सहा दिवस राहू. निसर्गाला त्रास न देता फिरावं असं मनापासून वाटतं, पण यातलं खरं काय आणि नावापुरतं काय हे कळत नाही. दोन्ही सहलींसाठी काय निवडू?

उत्तर : ताई, एजन्सीच्या यादीतलं एकेक ठिकाण तपासत बसण्याआधी दोन गोष्टी कागदावर लिहा. एका वेळी एका ठिकाणी तुमची किती माणसं असणार आणि महिना कोणता. रिसॉर्टच्या पाटीवर ‘इको’ लिहिलंय की नाही यापेक्षा या दोन गोष्टींनी तिथल्या जंगलाला आणि गावाला जास्त फरक पडतो. तुम्हाला आलेला कार्यक्रम या दोन्ही कसोट्यांवर उतरत नाही, म्हणून कंपनीसाठी तो जवळजवळ पूर्ण बदलावा असं माझं स्पष्ट मत आहे. घरच्या सहलीत मात्र त्यातलं थोडं ठेवता येईल.

‘याला’पासून सुरुवात करू. या उद्यानाच्या पहिल्या विभागात बिबटे इतके दाट आहेत की जगात अशी ठिकाणं मोजकीच सापडतील, आणि नेमक्या त्याच कारणाने तिथे जीपगाड्यांची रांग लागते. बिबट्या दिसल्याची खबर फोनवर फिरते, चालक धूळ उडवत तिकडे धावतात आणि झाडावर विसावलेल्या एका जनावराभोवती गाड्यांचा वेढा पडतो. तुमची ४२ माणसं म्हणजे सहा जणांच्या हिशेबाने सात जीप. त्या वेढ्यात एकदम सात गाड्यांची भर घालून त्याला पर्यावरणपूरक म्हणणं मला पटत नाही. शिवाय विमानतळापासून ‘याला’पर्यंत जायला आणि यायला मिळून एक अख्खा दिवस मोडतो. तीन रात्रींच्या बैठकीत तो परवडणारा नाही.

यात चालकांचा दोष मी धरत नाही. पाहुणे बक्षिसी देतात ती बिबट्या दिसला तर, आणि फोटो जवळून मिळाला तर जास्त. म्हणून तो धावतो. तुम्ही घरच्यांबरोबर कुठल्याही उद्यानात गेलात तर गाडीत बसण्यापूर्वीच सांगून टाका की बक्षिसी ठरलेली आहे, बिबट्या दिसो न दिसो, आम्हाला सावकाश फिरायचंय आणि पक्षी दिसले की थांबायचंय. एवढ्या एका वाक्याने सफारीचा नूर पालटतो. चालकाला जंगलाची माहिती असतेच, ती सांगायला त्याला सवड मिळते.

आता महिना. श्रीलंकेत पाऊस दोन बाजूंनी येतो. मे ते सप्टेंबर नैर्ऋत्य मोसमी वारे पश्चिम आणि दक्षिण किनारा भिजवतात, तर साधारण ऑक्टोबरपासून जानेवारीपर्यंत उत्तर आणि पूर्व भागाला पाऊस मिळतो. त्यामुळे फेब्रुवारीत दक्षिण किनारा शांत असतो, डोंगर बरेचसे कोरडे असतात आणि सिंहराजाच्या वर्षावनात चालणं सोपं जातं. पूर्वेकडे त्रिंकोमलीजवळच्या पिजन बेटावरचे प्रवाळ पाहायचे तर मे ते सप्टेंबर हे दिवस चांगले. मिन्नेरिया तलावाच्या सुकलेल्या पात्रात शेकडो हत्ती एकत्र येतात तो सोहळाही ऑगस्ट-सप्टेंबरचा. फेब्रुवारीत कोणी तो दाखवतो म्हणालं तर त्या एजन्सीला पुढचे प्रश्न जरा कडकच विचारा.

हत्तींना आंघोळ घालणं हा भाग दोन्ही सहलींतून काढून टाका. मोठा हत्ती अनोळखी माणसांना अंगावर हात फिरवू देतो, पाण्यात पडून राहतो, ते त्याला आवडतं म्हणून नव्हे. त्यामागे साखळी, अंकुश आणि लहानपणापासूनचा धाक असतो. हे मी जास्त लांबवत नाही. मुलीला हत्ती दाखवायचा एक फार चांगला मार्ग आहे, तो पुढे सांगते.

देवमाशांचं थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण ते दृश्य खरोखर विलक्षण आहे. श्रीलंकेच्या दक्षिण टोकाला समुद्र किनाऱ्यापासून थोड्याच अंतरावर एकदम खोल होतो, त्यामुळे पृथ्वीवरचा सर्वांत मोठा प्राणी, निळा देवमासा, तिथे किनाऱ्याजवळ येतो. नोव्हेंबर ते एप्रिल हा मिरिस्साचा हंगाम, म्हणजे तुमचे दिवस अगदी बरोबर आहेत. पण याच पाण्यातून जगातला एक अतिशय वर्दळीचा जहाजमार्ग जातो आणि जहाजांच्या धडकेने देवमासे मरतात. एमएससी या मोठ्या जहाज कंपनीने २०२२ मध्ये आपली जहाजं थोडी दक्षिणेकडून न्यायला सुरुवात केली, ती याच कारणाने. त्यात भर म्हणून रोज सकाळी पर्यटकांच्या बोटी निघतात. देवमासा श्वास घ्यायला वर आला की चहूबाजूंनी त्याच्याकडे झेपावतात आणि त्याला लवकर बुडी मारावी लागते. ४२ जणांच्या गटाला इथे आणू नका. तुम्ही चौघांनी जायचं ठरवलंच तर बोटवाल्याला आदल्या दिवशी भेटा. अंतर राखून इंजिन मंद ठेवणार का, आधीच बऱ्याच बोटी जमल्या असतील तर दुसरीकडे वळणार का, ते विचारा. ‘अगदी हाताच्या अंतरावर नेतो’ असं सांगणाऱ्याला नाही म्हणा. आणि सासूबाईंना बोट लागत असेल तर हा बेत सोडूनच द्या, चार-पाच तास उघड्या समुद्रात जातात.

वृक्षारोपणाबद्दल तुमच्या वरिष्ठांशी तुम्हाला बोलावं लागेल, म्हणून मुद्दा नीट मांडते. श्रीलंकेचा उत्तर-मध्य आणि उत्तर भाग कोरड्या पट्ट्यात मोडतो. तिथला मुख्य पाऊस जानेवारीपर्यंत आटोपतो. फेब्रुवारीच्या शेवटी लावलेल्या रोपाला पुढे उन्हाळ्याची झळ सोसायची असते आणि पाणी घालायला तुमच्यातलं कोणी तिथे नसणार. त्याच पट्ट्यातल्या दांबुल्ला गावाजवळ याचा एक उत्तम धडा प्रत्यक्ष उभा आहे. चहामळ्यात काम केलेल्या सॅम पोपम या इंग्रज गृहस्थाने १९६३ मध्ये तिथे फिरत्या शेतीने उजाड झालेली झुडपी जमीन घेतली. रोपं लावण्यापेक्षा काटेरी झुडपं आणि गवत हटवलं, जमिनीत आपसूक उगवलेल्या देशी झाडांना उजेड आणि जागा दिली तर जंगल स्वतःच परत येतं, हे त्याला तिथे उमगलं. आज त्या जागी दाट रान आहे, पायवाटा आहेत आणि रात्री मार्गदर्शकाबरोबर गेलं तर लोरिस हा मोठ्या डोळ्यांचा छोटा निशाचर प्राणी दिसू शकतो. तुमच्या लोकांना फावडं हातात देऊन फोटो काढण्यापेक्षा इथे सकाळचे दोन तास फिरवा.

वृक्षारोपणाला ठेवलेले पैसे मात्र परत घेऊ नका. श्रीलंकेच्या खेड्यांत माणूस आणि हत्ती यांचा झगडा फार तीव्र आहे. दरवर्षी शेकडो हत्ती मरतात आणि शेतकऱ्यांचेही जीव जातात. वास्गामुवा उद्यानाच्या कडेच्या गावांत श्रीलंका वाइल्डलाइफ कन्झर्वेशन सोसायटी शेतकऱ्यांना घराभोवती संत्र्या-मोसंबीच्या जातीची झाडं लावायला मदत करते. हत्तींना ती आवडत नाहीत, आणि फळं विकून घरात पैसा येतो. अशा कामाला एकदाच मोठा धनादेश देण्यापेक्षा तीन वर्षं थोडी थोडी रक्कम देण्याचं कंपनीने ठरवावं. संस्थेला पुढच्या वर्षाचा बेत आखता येतो. फोटो हवाच असेल तर तिसऱ्या वर्षी काढा, त्यात फळं असतील.

मग कंपनीने राहायचं कुठे? माझी निवड दांबुल्ला-सिगिरिया परिसर (सिगिरिया म्हणजे तिथला प्राचीन कातळगड). विमानतळापासून चारेक तासांचा रस्ता आहे आणि एकदा पोहोचलात की सगळं जवळ आहे. तिथलं कंदलामा हॉटेल (हेरिटन्स कंदलामा) मोठ्या गटांच्या बैठकीसाठी मुद्दाम विचारात घ्या. वास्तुविशारद जेफ्री बावा यांना आधी सिगिरियाच्या पायथ्याशी जागा दाखवली होती. ती त्यांनी नाकारली आणि तलावाकाठच्या एका कड्याला बिलगून इमारत उभी केली. १९९४ मध्ये हॉटेल सुरू झालं. आज वेलींनी ते इतकं झाकलंय की लांबून कडा संपतो कुठे आणि भिंत सुरू कुठे होते ते चटकन कळत नाही. बांधकामाच्या वेळी तलावाचं पाणी खराब होईल म्हणून लोकांनी मोठा विरोध केला होता. पाण्याची काळजी तिथे पहिल्यापासून घ्यावी लागली, त्याचं एक कारण हा विरोध आहे असं मला वाटतं. पर्यावरणपूरक इमारतींना दिलं जाणारं ‘लीड’ प्रमाणपत्र अमेरिकेबाहेर मिळवणाऱ्या अगदी सुरुवातीच्या हॉटेलांत याचं नाव घेतलं जातं.

हेच हॉटेल घ्या असा आग्रह नाही. कुठलंही घ्या, पण व्यवस्थापकाला लेखी विचारा : सांडपाणी कुठे जातं आणि त्यावरची प्रक्रिया आम्हाला पाहता येईल का? पिण्याचं पाणी काचेच्या बाटल्यांत भरून मिळेल का? कर्मचाऱ्यांपैकी किती जण आसपासच्या गावांतले आहेत, आणि त्यातले स्वयंपाकघराबाहेरच्या जबाबदारीच्या जागांवर किती? बागेतले दिवे रात्री किती वाजता बंद होतात? खरं काम करणाऱ्या हॉटेलाकडून आकड्यांसह उत्तर येतं, बाकीचे हिरव्या पानाचं चित्र असलेलं माहितीपत्रक पाठवतात. प्रमाणपत्र दाखवलं तर ते कोणी दिलं ते पाहा. जागतिक शाश्वत पर्यटन परिषद, म्हणजे जीएसटीसी, स्वतः हॉटेलांना प्रमाणपत्र देत नाही. ती निकष ठरवते आणि तपासणाऱ्या संस्थांना मान्यता देते. तेव्हा ‘जीएसटीसीने आम्हाला प्रमाणित केलंय’ असं कोणी सांगितलं तर तपासणाऱ्या संस्थेचं नाव मागून घ्या.

बैठकीच्या खोलीतही बरंच काही तुमच्या हातात आहे. उष्ण प्रदेशातल्या हॉटेलात विजेचा मोठा वाटा वातानुकूलनावर जातो, आणि सभागृहं इतकी गार ठेवतात की लोक कोट घालून बसतात. तापमान २५ अंशांवर ठेवायला सांगा आणि आमंत्रणातच सुती कपडे घालून या असं लिहा. दुपारच्या बुफेत पन्नास पदार्थ मांडण्याऐवजी श्रीलंकेचं रोजचं जेवण मागवा : भात, डाळ, दोन-तीन भाज्या, कोवळ्या फणसाची पोलोस भाजी, ब्राह्मीसारख्या पाल्याचा गोटुकोला संबोल, म्हणजे कोशिंबीर. शाकाहारी माणसांची आबाळ होत नाही, माल जवळच्या शेतातून येतो आणि उष्टंही कमी निघतं.

सकाळच्या फेऱ्यांसाठी ४२ जणांचे तीन गट पाडा, १४-१४ चे, आणि तीन ठिकाणं आळीपाळीने. एक पोपमचं रान. दुसरं सिगिरिया, उघडतं त्या वेळेला. तिथल्या कड्याला मोठमोठी आग्या मोहोळं लटकलेली असतात आणि शांत राहा अशा पाट्या लावलेल्या आहेत, त्या गंभीरपणे घ्या. गोंगाट करणारा ४२ जणांचा जथा तिथे नुसता अशोभनीय नाही, धोक्याचाही आहे. तिसरं ठिकाण एखादं गाव आणि त्याचा तलाव. कोरड्या पट्ट्यात एकाखाली एक अशा तलावांच्या साखळ्या शतकानुशतकं चालत आल्या आहेत. वरच्या तलावातून सुटलेलं पाणी भातखाचरातून मुरत खालच्या तलावात उतरतं. या व्यवस्थेला संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने जागतिक महत्त्वाचा कृषी वारसा मानलंय. गावातला माणूस मार्गदर्शक घ्या, जेवण गावातल्याच एखाद्या घरी सांगा आणि पैसे तिथे थेट द्या. २०२२ च्या आर्थिक संकटात पेट्रोलच्या रांगा आणि औषधांची टंचाई सोसलेली ही माणसं आहेत. पर्यटकाचा पैसा कोलंबोतल्या दलालाकडेच अडकला तर त्यांना त्यातलं फारसं काही मिळत नाही.

वरिष्ठांनी कोलंबोचाच हट्ट धरला तर निराश होऊ नका. २०१८ मध्ये पाणथळ जागांच्या रक्षणासाठीच्या आंतरराष्ट्रीय रामसर करारांतर्गत ज्या पहिल्या १८ शहरांना पाणथळ-शहर म्हणून मान्यता मिळाली त्यांत कोलंबो आहे. बेद्दगाना आणि दियासरू या पाणथळ उद्यानांत लाकडी पुलांवरून तासाभरात पाणकावळे, बगळे, घोरपडी पाहता येतात. फिशिंग कॅट हे मासे धरणारं रानमांजर या शहराच्या दलदलींत अजून टिकून आहे. पावसाचं पाणी शोषून घेऊन याच दलदली शहराला पुरापासून वाचवतात. विमानतळाजवळच्या मुथुराजवेला दलदलीत छोट्या बोटीतून फिरता येतं, परतीच्या दिवशी हाताशी अर्धा दिवस असेल तर तेवढं तरी नक्की करा.

आता तुमचे सहा दिवस. बैठकीला जोडून घरच्यांना बोलावण्याचा बेत चांगला आहे. अशा प्रवासात कार्बनचा मोठा भार विमानाचा असतो, तेव्हा तुमच्या एका विमानफेरीत दोन कामं होताहेत. फक्त सहा दिवसांत सहा मुक्काम करू नका, तीनच करा.

पहिल्या दोन रात्री सिंहराजा. १९८८ पासून हे जागतिक वारसास्थळ आहे. कुडावा गावाच्या बाजूने शिरा आणि गावातल्याच घरगुती निवासात राहा. वनखात्याचा मार्गदर्शक घ्यावाच लागतो, आणि तो असावाच. सासूबाईंना ही वाट झेपेल, कारण सुरुवातीचा रस्ता रुंद आणि बराचसा सपाट आहे. तो तसा का आहे तेही मुलीला सांगा : सत्तरच्या दशकात प्लायवूडसाठी इथली झाडं यंत्रांनी तोडली जात होती, त्या लाकडाच्या वाहतुकीचा हा रस्ता. लोकांनी आवाज उठवला आणि १९७७ च्या सुमारास तोड थांबली. त्याच रस्त्यावर उभं राहून आज तुम्हाला पक्ष्यांचा मिश्र थवा दिसेल. डझनभर जातींचे पक्षी एकत्र जंगलातून सरकत जातात, नारिंगी चोचीचे बडबडे सातभाई त्यांच्या मध्यभागी आणि कोतवाल पहाऱ्यावर. प्राध्यापक सरथ कोटगामा आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी ऐंशीच्या दशकापासून या थव्यांचा अभ्यास केला आहे. थवा येईपर्यंत एका जागी थांबावं लागतं, चालत सुटलं तर तो हुकतो. जळवा आहेत. गुडघ्यापर्यंतचे जळूमोजे तिथे मिळतात, चौघांनीही घाला, म्हणजे मुलगी घाबरणार नाही.

पुढच्या दोन रात्री उदावलवे, मुलीच्या हत्तींसाठी. तिथे १९९५ पासून अनाथ पिल्लांचं संगोपन केंद्र आहे. पिल्लांना ठरावीक वेळी दूध पाजतात, पाहुणे लांबच्या कट्ट्यावरून बघतात, कोणी हात लावत नाही, आणि मोठी झाली की पिल्लं जंगलात सोडली जातात. माणसाची सवय लागू नये म्हणूनच हे अंतर ठेवलंय. बाजूच्या उद्यानात दुपारी एक जीप फेरी करा, हत्ती दिसण्याची शक्यता खूप असते. रस्त्याच्या कडेला कुंपणापाशी हत्ती उभे असतील आणि कोणी फळं विकत असेल, तर गाडी थांबवू नका. खायला मिळतं म्हणून हत्ती रस्त्याला चिकटतात, आणि पुढे त्यातूनच अपघात होतात.

शेवटच्या रात्री दक्षिण किनाऱ्यावर, रेकवाजवळ. जगातल्या सात समुद्री कासवांपैकी पाच जाती श्रीलंकेत अंडी घालतात. रेकवाला स्वयंसेवक रात्री किनाऱ्यावर पहारा देतात, आणि मादी आली तर अंधारात, फ्लॅशशिवाय, मागच्या बाजूने पाहू देतात. खरा भर एप्रिलनंतर असतो, फेब्रुवारीत दिसेलच असं नाही. मुलीला हे आधी सांगून ठेवा. रस्त्यालगतच्या काही उबवण केंद्रांत मात्र पिल्लं टाक्यांत ठेवून हातात देतात, तिथे जाऊ नका. अंड्यातून निघालेल्या पिल्लाच्या अंगात पहिल्या धावेपुरती शिदोरी असते. ती खोल समुद्र गाठण्यासाठी आहे, टाकीत फेऱ्या मारण्यात ती संपते.

तारखा पक्क्या करताना दोन गोष्टी पाहा. ४ फेब्रुवारी हा श्रीलंकेचा स्वातंत्र्यदिन. आणि दर पौर्णिमेला ‘पोया’ची सार्वजनिक सुट्टी असते. त्या दिवशी मद्यविक्री बंद असते, आणि त्याला लागून शनिवार-रविवार आला तर उद्यानं स्थानिक कुटुंबांनी भरून जातात. बैठक त्या दिवशी ठेवा आणि जंगल दुसऱ्या दिवशी. उद्यानांच्या तिकिटांत सार्क देशांच्या नागरिकांना सवलत मिळते, म्हणून सगळ्यांचे पासपोर्ट सोबत असू द्या. आणि एजन्सीला या आठवड्यातच कळवा. १४ जणांच्या गटांसाठी गावातले चांगले मार्गदर्शक फेब्रुवारीच्या हंगामात लवकर ठरून जातात.